यशवंतराव होळकर (दुसरे)

हा लेख इंदूर संस्थानाच्या विसाव्या शतकातील महाराजांविषयी आहे. इंग्रज-मराठा युद्धातील सेनानी यशवंतराव होळकर (पहिले) हे त्यांचे पूर्वज होत.

महाराजाधिराज राजराजेश्वर सवाई श्री यशवंतराव होळकर, दुसरे (जन्म : ६ सप्टेंबर १९०८, इंदूर, मृत्यू : ५ डिसेंबर १९६१, मुंबई) हे इंदूर संस्थानाचे अखेरचे सत्ताधारी महाराज होते. १९२६ मध्ये ते गादीवर आले आणि १९४८ मध्ये संस्थान मध्यभारत संघात विलीन होईपर्यंत त्यांची राजवट टिकली. इंदुरातील माणिकबाग राजवाडा, रोमानियन शिल्पकार कॉन्स्टँटिन ब्रँकुशी यांच्याकडून घेतलेली शिल्पे, होळकर क्रिकेट संघ आणि ड्यूसेनबर्ग चासीवर त्यांच्यासाठी बांधलेली दोन आसनी वेगवान मोटार या गोष्टींमुळे त्यांचे नाव भारताबाहेरही परिचित आहे. तयार वस्तू विकत घेण्यापेक्षा उत्तम कारागीर गाठून त्याच्याकडून आपल्या गरजेप्रमाणे वस्तू घडवून घेणे हे त्यांच्या आश्रयाचे वैशिष्ट्य मानले जाते.

घराणे आणि खानदेश

होळकर घराण्याचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील होळ. घराण्याचे संस्थापक मल्हारराव होळकर यांचे बालपण मात्र खानदेशात तळोदे येथे मामा भोजराज बारगळ यांच्याकडे गेले. पुढे माळवा जिंकल्यावर घराण्याची सत्ता नर्मदेच्या खोऱ्यात स्थिरावली, तरी सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलुखाशी तिचे नाते कायम राहिले. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत पराभव झाल्यानंतर जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि होळकरांना सातपुड्याच्या दक्षिणेकडील आपला प्रदेश इंग्रजांना द्यावा लागला. या तहानुसार तापीच्या उत्तर तीरावरील थाळनेरचा किल्लाही सोडायचा होता. किल्लेदार तुळशीराम मामा यांनी तो सहजासहजी न सोडल्यामुळे फेब्रुवारी १८१८ मध्ये तेथे रक्तपात झाला. थाळनेर आज शिरपूर तालुक्यात असून तापीच्या दक्षिणेस शिंदखेडा तालुका आहे.

सत्ता गेली तरी दळणवळण राहिले. इंदूरहून मुंबईकडे जाणारा आग्रा रस्ता सेंधव्यानंतर सातपुडा उतरतो, शिरपूरजवळ तापी ओलांडतो आणि शिंदखेडा तालुक्यातील नरडाणा व पुढे सोनगीर या गावांवरून धुळ्याला पोहोचतो. मोटारयुगात इंदूर आणि मुंबईचे बंदर यांना जोडणारा मुख्य रस्ता हाच होता. राजघराण्याची घरची भाषा मराठी होती आणि सोयरिकीही प्रामुख्याने दख्खनच्या मराठा घराण्यांशी होत असत.

बालपण, शिक्षण आणि राज्यारोहण

यशवंतराव हे महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) आणि महाराणी चंद्रावतीबाई यांचे पुत्र. त्यांचे शालेय शिक्षण इंग्लंडमधील चीम आणि चार्टरहाउस या शाळांत झाले आणि उच्च शिक्षण ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात झाले. १९२४ मध्ये त्यांचा विवाह कोल्हापूर संस्थानातील कागल (कनिष्ठ) जहागिरीच्या घाटगे घराण्यातील संयोगिताराजे यांच्याशी झाला.

१२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. बावला यांच्यासमवेत मोटारीत असलेली मुमताज बेगम ही नर्तकी पूर्वी इंदूर दरबारी होती. तिला पळवून नेण्याच्या प्रयत्नात हा खून झाला आणि आरोपींचे धागेदोरे इंदुरापर्यंत पोहोचले. इंग्रज सरकारने तुकोजीरावांपुढे चौकशी आयोग किंवा पदत्याग असे दोन पर्याय ठेवले. २६ फेब्रुवारी १९२६ रोजी त्यांनी मुलाच्या बाजूने गादी सोडली. यशवंतराव तेव्हा सतरा वर्षांचे होते. ९ मे १९३० रोजी त्यांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. संस्थानास एकोणीस तोफांच्या सलामीचा मान होता आणि १९३१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १३ लाख होती.

ऑक्सफर्डच्या काळातच त्यांच्या आवडीनिवडींना वळण मिळाले. त्यांचे शिक्षक मार्सेल हार्डी यांच्यामुळे फ्रेंच लेखक व कलासंग्राहक आंरी-पिएर रोशे यांच्याशी त्यांची ओळख झाली. याच सुमारास बर्लिनचे तरुण वास्तुविशारद एकार्ट मुथेझियस यांच्याशीही मैत्री जुळली. फ्रेंच चित्रकार बर्नार बुते द मोंव्हेल यांनी यशवंतरावांची दोन व्यक्तिचित्रे रंगवली. पहिल्यात ते पाश्चात्त्य पोशाखात, तर काही वर्षांनी काढलेल्या दुसऱ्यात मराठा दरबारी वेशात आहेत.

माणिकबाग

१९३० ते १९३३ या काळात मुथेझियस यांच्या आराखड्यानुसार माणिकबाग राजवाडा उभा राहिला. जुन्या राजवाड्यांतील घुमट, कमानी आणि नक्षी येथे नाही. सरळ रेषा, सपाट पृष्ठभाग, धातू, काच आणि वातानुकूलन यांवर वास्तूचा भर आहे. फर्निचरसाठी एमिल-जाक रुलमान, लुई सोन्यो व शार्लोट अलिक्स, आयलीन ग्रे यांच्यासारख्या कलावंतांची निवड झाली आणि गालिचे इव्हान द सिल्व्हा ब्रून्स यांनी केले. दाराच्या मुठीपासून दिव्यांपर्यंतच्या अनेक वस्तू युरोपात तयार करून समुद्रमार्गे भारतात आणण्यात आल्या. मुथेझियस यांनी महाराजांसाठी रेल्वेच्या खास डब्याचीही रचना केली.

रोशे यांच्या मध्यस्थीने यशवंतरावांनी ब्रँकुशी यांच्या अवकाशातील पक्षी या शिल्पाच्या तीन आवृत्त्या घेतल्या : एक ब्राँझची, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराची. या शिल्पांसाठी ध्यानमंदिर बांधण्याची योजनाही होती. त्या कामासाठी ब्रँकुशी १९३७-३८ च्या हिवाळ्यात इंदूरला आले; परंतु तत्पूर्वीच महाराणी संयोगिताराजे यांचे निधन झाले होते. मंदिर प्रत्यक्षात आले नाही.

मोटारी

भारतीय संस्थानिकांमध्ये मोटारींची हौस सर्वत्र होती. बहुतेकांचा कल मिरवणुकीच्या किंवा शिकारीच्या प्रशस्त गाड्यांकडे असे. यशवंतरावांना स्वतः चालवायच्या, वेगवान आणि आखीव रेषांच्या गाड्या आवडत. त्यांच्या मोटारींपैकी सर्वांत प्रसिद्ध गाडी १९३० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकन ड्यूसेनबर्ग चासीवर लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याने बांधली.

शर्यतीतून आलेले यंत्र

फ्रेड आणि ऑगस्ट ड्यूसेनबर्ग हे जर्मनीत जन्मलेले आणि लहानपणी अमेरिकेत आलेले बंधू. दोघांचे नाव प्रथम शर्यतीच्या गाड्यांमुळे झाले. १९२१ मध्ये ले मान्स येथे झालेली फ्रेंच ग्रां प्री जिमी मर्फी यांनी ड्यूसेनबर्ग चालवून जिंकली. त्या गाडीच्या चारही चाकांना द्रवदाबावर चालणारे ब्रेक होते. इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत ड्यूसेनबर्ग गाड्यांनी १९२४, १९२५ आणि १९२७ मध्ये जिंकली. १९२६ मध्ये उद्योगपती ई. एल. कॉर्ड यांनी कंपनी विकत घेतली आणि फ्रेड यांच्यावर जगातील सर्वोत्तम गाडी तयार करण्याची जबाबदारी सोपवली. त्यातून १९२८ च्या अखेरीस मॉडेल जे ही गाडी न्यू यॉर्क येथे जाहीर झाली.

मॉडेल जेचे इंजिन एका रांगेत आठ सिलिंडरचे आणि सुमारे ६.९ लिटर क्षमतेचे होते. दोन कॅमशाफ्ट सिलिंडरांच्या माथ्यावर बसवलेले होते आणि प्रत्येक सिलिंडरला चार झडपा होत्या. ही रचना त्या काळी शर्यतीच्या गाड्यांत आढळे, रस्त्यावरच्या गाड्यांत क्वचितच. कंपनीने या इंजिनाची शक्ती २६५ अश्वशक्ती जाहीर केली होती. १९३२ मध्ये आलेल्या एसजे या प्रकारात सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा, बसवल्यामुळे ती ३२० अश्वशक्तीपर्यंत गेली. चालकापुढील फलकावर वेग व तेलदाब यांबरोबरच समुद्रसपाटीपासूनची उंची आणि ब्रेकचा दाब दाखवणारी तबकडीही असे. ठरावीक अंतर कापल्यावर तेल बदलण्याची आणि बॅटरी तपासण्याची आठवण करून देणारे दिवेही त्यात होते. १९३५ मध्ये एसजे चासीवर बांधलेल्या गाडीने अमेरिकेतील बॉनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर सलग २४ तास ताशी सुमारे २१८ किलोमीटरचा सरासरी वेग राखला.

मॉडेल जेच्या पाचशेहून कमीच गाड्या तयार झाल्या. कंपनी ग्राहकाला प्रामुख्याने चासी विकत असे : पोलादी चौकट, इंजिन, गिअर, चाके, रेडिएटर आणि पुढचा फलक. त्यावरची बॉडी ग्राहक स्वतंत्र कारखान्याकडून बांधून घेई. त्यामुळे दोन ड्यूसेनबर्ग गाड्या सहसा एकसारख्या नसत.

लंडनमधील बांधणी

गर्नी नटिंग हा कारखाना पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस क्रॉयडन येथे सुरू झाला आणि पुढे लंडनच्या चेल्सी भागात गेला. सर माल्कम कॅम्बेल यांनी १९३१ मध्ये डेटोना येथे ताशी सुमारे ३९६ किलोमीटरचा विक्रम केलेल्या ब्लू बर्ड गाडीची बॉडी याच कारखान्याची होती. कारखान्याचे रचनाकार ए. एफ. मॅकनील त्या काळातील अग्रगण्य मोटार-रचनाकारांत गणले जात. यशवंतरावांच्या गाडीची आखणी त्यांचीच होती.

अशा कारखान्यात बॉडी बांधण्याची पद्धत ठरलेली असे. प्रथम लहान प्रमाणातील चित्र ग्राहकाला दाखवले जाई. ते पसंत पडल्यावर गाडीची पूर्ण आकाराची रेखाकृती काढून तिच्यावरून मापे घेत. सुतार ॲश जातीच्या लवचीक लाकडाचा सांगाडा चासीवर उभा करत. पत्राकाम करणारे कारागीर ॲल्युमिनियमचे पत्रे हातोडीने व रुळाखाली वळवून त्या सांगाड्यावर चढवत. त्यानंतर रंगाचे अनेक हात, प्रत्येक हातानंतर घासणी, मग चामड्याचे काम आणि शेवटी दिवे, कड्या, मुठी. एका गाडीला अनेक महिने लागत. या पद्धतीत साचा नसल्यामुळे डाव्या आणि उजव्या बाजूचे सुटे भागही परस्परांशी तंतोतंत जुळतीलच असे नसे.

यशवंतरावांची गाडी ड्यूसेनबर्गच्या लांब चासीवर बांधली गेली. सात माणसांची प्रशस्त गाडी सहज उभी राहिली असती अशा या चौकटीवर फक्त दोघांची आसने ठेवण्यात आली आणि बाकीची लांबी पुढच्या झाकणाला व मागच्या निमुळत्या भागाला मिळाली. रंग केशरी आणि काळा होता. शर्यतीतून आलेले अमेरिकन यंत्र, इंग्लंडमधील हाताचे काम आणि मराठा संस्थानिकाची मागणी यांचा मिलाफ या गाडीत दिसतो. ड्यूसेनबर्ग कंपनी १९३७ मध्ये बंद पडली. त्यामुळे ही गाडी तिच्या अखेरच्या काळातील गाड्यांत मोडते.

राज्यकारभार

यशवंतरावांचा बराच काळ युरोप आणि पुढे अमेरिकेत जात असे. दैनंदिन कारभार दिवाण व मंत्रिमंडळाकडे असे. मंदीच्या काळात राजवाडा, शिल्पे आणि मोटारी यांवर झालेला खर्च हा त्यांच्या कारकिर्दीच्या मूल्यमापनातील वादाचा मुद्दा आहे. संस्थानाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा माळवा व निमाडमधील शेतकऱ्यांच्या साऱ्यातून येई, आणि वस्तू घडवणारे बहुतेक हात मात्र पॅरिस, बर्लिन व लंडनचे होते. दुसरीकडे, १९३८ मध्ये संस्थानातील सरकारी देवळे हरिजनांना खुली करण्याचा निर्णय त्यांच्याच राजवटीत झाला. १९४२ मध्ये त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना खुले पत्र लिहून भारताच्या प्रश्नात मित्रराष्ट्रांनी लवाद करावा अशी मागणी केली. इंग्रज सरकारच्या आश्रयावर अवलंबून असलेल्या संस्थानिकाने असे पाऊल उचलणे ही अपवादात्मक घटना होती.

त्यांच्या आश्रयाखालील होळकर क्रिकेट संघाने रणजी करंडक १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ असा चार वेळा जिंकला. संघाचे नेतृत्व सी. के. नायडू यांनी दीर्घकाळ केले आणि मुश्ताक अली हे संघाचे आधारस्तंभ होते. नायडूंसारख्या खेळाडूंना संस्थानाच्या सेवेत पदे देऊन इंदुरात स्थिर करण्यात आले होते.

वैयक्तिक जीवन

यशवंतराव आणि संयोगिताराजे यांची कन्या उषाराजे यांचा जन्म १९३३ मध्ये पॅरिस येथे झाला. छायाचित्रकार मॅन रे यांनी या दांपत्याची अनेक छायाचित्रे घेतली. जुलै १९३७ मध्ये संयोगिताराजे यांचे स्वित्झर्लंडमध्ये अकाली निधन झाले. माणिकबाग आणि शिल्पसंग्रह यांच्या उभारणीत त्यांचा बरोबरीचा सहभाग होता. त्यांच्या मृत्यूनंतर यशवंतरावांच्या नव्या कलाखरेदीला ओहोटी लागली.

१९३८ मध्ये यशवंतरावांनी मार्गरेट लॉलर या अमेरिकन स्त्रीशी विवाह केला. १९४३ मध्ये घटस्फोट झाल्यावर युफेमिया क्रेन यांच्याशी त्यांचा तिसरा विवाह झाला. या विवाहातून १९४४ मध्ये पुत्र रिचर्ड यांचा जन्म झाला.

विलीनीकरण आणि अखेरचा काळ

२८ मे १९४८ रोजी ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातील इतर संस्थाने मिळून मध्यभारत संघ स्थापन झाला. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख आणि यशवंतराव उपराजप्रमुख झाले. मराठेशाहीतील दोन जुनी प्रतिस्पर्धी घराणी अशा रीतीने एकाच राज्याच्या घटनात्मक पदांवर आली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मध्यभारत मध्य प्रदेशात समाविष्ट झाले आणि हे पदही संपुष्टात आले. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत यशवंतरावांचे वयाच्या ५३ व्या वर्षी निधन झाले. भारत सरकारने वारस म्हणून कन्या उषाराजे यांना मान्यता दिली. १९७१ मध्ये घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे व मान्यता रद्द झाल्या.

संग्रहाचे विखुरणे

तनखे बंद झाल्यानंतरच्या दशकात यशवंतरावांच्या संग्रहाची वाटणी जगभर झाली. ब्रँकुशी यांचे दोन्ही संगमरवरी पक्षी ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलादालनात गेले आणि ब्राँझचा पक्षी कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथील नॉर्टन सायमन संग्रहालयात पोहोचला. माणिकबागेतील फर्निचरचा लिलाव १९८० मध्ये मोनॅको येथे झाला. रिकामा झालेला राजवाडा केंद्र सरकारने घेतला आणि तेथे अबकारी व सीमाशुल्क खात्याचे कार्यालय आले. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयाने विखुरलेल्या वस्तूंपैकी अनेक एकत्र आणून यशवंतरावांवर प्रदर्शन भरवले.

ड्यूसेनबर्गही भारताबाहेर गेली आणि अमेरिकेतील संग्राहकांकडे पोहोचली. या गाडीचे महत्त्व समजण्यासाठी जुन्या मोटारींच्या क्षेत्रातील अस्सलपणाची कल्पना लक्षात घ्यावी लागते. बॉडी चासीपासून सुटी करता येत असल्यामुळे मॉडेल जेच्या अनेक गाड्यांच्या बॉड्या पुढील मालकांनी बदलल्या आणि एकीचे इंजिन दुसरीत गेले. म्हणून अभ्यासक चासीवरील व इंजिनावरील ठोकलेले क्रमांक, बॉडी बांधणाऱ्याची पट्टी आणि कारखान्याच्या नोंदी परस्परांशी ताडून पाहतात. तिन्ही जुळल्यास गाडी मूळची मानली जाते. ऐतिहासिक मोटार शर्यतींतही हेच तत्त्व लागू आहे. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमांनुसार अशा शर्यतीत उतरणारी गाडी तिच्या काळातील घडणीशी जुळणारी असावी लागते आणि तसा तांत्रिक परवाना लागतो. नंतरच्या काळातील सुधारणा करून तिचा वेग वाढवता येत नाही. नव्याने तयार केलेला भागही त्या काळच्या आराखड्याप्रमाणेच घडवावा लागतो.

भारतात हा विचार कायद्यात उशिरा आला. संस्थानी गाड्या मोठ्या संख्येने परदेशी गेल्यानंतर १९७० च्या दशकात जुन्या मोटारींच्या निर्यातीवर निर्बंध आले. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी व्हीए अक्षरे असलेली स्वतंत्र नोंदणी मालिका सुरू केली. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेले वाहन या नोंदणीस पात्र ठरत नाही.

स्मृती

इंदुरातील महाराजा यशवंतराव रुग्णालय हे मध्य प्रदेशातील मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एक असून ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांच्या वडिलांनी त्यांच्यासाठी १९३४ मध्ये स्थापन केलेला यशवंत क्लबही शहरात अस्तित्वात आहे. पुत्र रिचर्ड होळकर यांनी महेश्वर येथे हातमागाच्या विणकामाला नवसंजीवनी देण्याचे काम केले. वडिलांच्या बहुतेक वस्तू परदेशी कारागिरांनी घडवल्या. मुलाच्या कामामुळे घराण्याचे नाव नर्मदाकाठच्या विणकरांशी जोडले गेले.